संदर्भ : गूगल

स्मरणिकेसाठी आठवणी लिहा, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मी लगेच ‘हो’ म्हटलं. त्यामागे एक स्वार्थ होता. मला एक चूक दुरुस्त करायची आहे. ती आपल्या शाळेच्या हस्तलिखितात आहे, माझ्याच अक्षरात आहे आणि मागच्या दिवाळीपासून ती सगळ्या जगाला वाचता येते.

१९९५-९६ साली आपण नववीत असताना ‘आपले शहर’ या विषयावर हस्तलिखित केलं होतं, ते आठवत असेल. उस्मानपुऱ्यातल्या कुणाकुणाच्या घरी रविवारी बसून आपण पानं रंगवायचो. दौलताबाद, पाणचक्की, लेणी असे विषय वाटून घेतले होते. माझ्या वाट्याला बीबी का मकबरा आला. मी लिहिलं : ‘शहजादा आझमशहा याने आपल्या आईच्या स्मरणार्थ इ. स. १६५१ ते १६६१ या काळात हा मकबरा बांधला.’ इतिहासाच्या बाईंनी कच्चं पान तपासलं आणि या वाक्याशेजारी समासात लाल पेनने दोन शब्द लिहिले : ‘कोणी सांगितलं?’

मी म्हणाले, “बाई, पुस्तकात आहे.” त्या म्हणाल्या, “अगं, पुस्तकाला नाव असतं, पानाला नंबर असतो. ते लिहून आण.” मी आणलं नाही. कुठल्याशा पर्यटनाच्या घडीपत्रिकेतून मी ते वाक्य उतरवलं होतं आणि तोवर ती पत्रिका हरवली होती. गॅदरिंग जवळ आलं, पक्कं पान तसंच चिकटवलं गेलं, संदर्भाची जागा कोरी राहिली.

मागच्या दिवाळीत आपल्यातल्या दोघातिघांनी मेहनत घेऊन ते हस्तलिखित मोबाइलवर स्कॅन केलं, पीडीएफ केली आणि लिंक ग्रुपवर टाकली. आपण सगळ्यांनी त्यावर हृदयाची चित्रं पाठवली. मीही पाठवली. आपलं पान मात्र मी वाचलं नाही, फक्त त्यावरच्या कमानीचं चित्र पाहिलं.

याच वर्षी शाळेतून विचारणा झाली की आठवी-नववीची मुलं प्रकल्पासाठी नेटवरून माहिती घेतात, ती कशी घ्यावी आणि संदर्भ कसा द्यावा हे तुम्ही शिकवाल का. मी इतिहासाची नाही. मी इंजिनिअर, दिवसभर पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते. पण आईबाबा अजून उस्मानपुऱ्यातच आहेत, येणंजाणं असतंच, म्हणून तीन शनिवार कबूल केले. कॉम्प्युटरच्या खोलीत सव्वीस मुलं होती. प्रत्येकाने आधी केलेला एक प्रकल्प आणायचा, असं सांगितलं होतं. शेवटचं पान बघत गेले. बहुतेकांच्या संदर्भात एकच शब्द होता : गूगल. दोघांनी ‘इंटरनेट’ लिहिलं होतं. एकाने ‘मोबाइल’ लिहिलं होतं, ते मला जास्त प्रामाणिक वाटलं.

एका मुलाची वही मात्र वेगळी होती. त्याने मकबऱ्यावर लिहिलं होतं आणि खाली व्यवस्थित संदर्भ दिला होता : आपल्या शाळेचं हस्तलिखित, वर्ष, पान. त्याच्या काकांनी लिंक पाठवली होती म्हणे. सव्वीस मुलांत खरा, तपासता येईल असा संदर्भ देणारा तो एकटाच होता आणि तो संदर्भ होता मी! वाक्यही माझंच होतं, १६५१ ते १६६१ सकट.

वर्गासमोर मी काही बोलले नाही. घरी येऊन तारखा मांडल्या.

दिलरस बानू बेगमचं औरंगजेबाशी लग्न १६३७ साली झालं. थोरली मुलगी झेबुन्निसा १६३८ मध्ये आपल्या दौलताबादला जन्मली. आझमशहाचा जन्म २८ जून १६५३, बुऱ्हाणपूर. धाकटा अकबर ११ सप्टेंबर १६५७ रोजी औरंगाबादेत जन्मला आणि त्यानंतर महिन्याभरात, ८ ऑक्टोबर १६५७ रोजी, दिलरस बानू इथेच वारली. म्हणजे माझ्या वाक्यानुसार आझमशहाने जन्माच्या दोन वर्षं आधी, जिवंत असलेल्या आईच्या स्मरणार्थ कबरीचं काम सुरू केलं आणि वयाच्या आठव्या वर्षापर्यंत ते संपवलं. चौथीतल्या मुलालाही ही वजाबाकी येते. मी नववीत होते, गणितात बरी होते, पण ती केली नव्हती. कारण वाक्य छापील होतं.

पुढच्या शनिवारी मी मुलांना फळ्यावर फक्त चार साली दिल्या : १६५१, १६५३, १६५७, १६६१. कोणती कशाची ते सांगितलं आणि गप्प बसले. तिसऱ्या बाकावरून आवाज आला, “ताई, हे कसं काय जमतंय?” मग मी सांगितलं की ते वाक्य माझं आहे. खूप हसली. हसू द्यावं लागलं.

त्यानंतर आम्ही तेच वाक्य नेटवर शोधलं. पर्यटनाच्या पानांवर, ब्लॉगांवर, सामान्यज्ञानाच्या तयारीच्या पानांवर, अगदी सरकारी माहितीतही १६५१ ते १६६१ हा काळ सापडतो. मुलांनी अर्ध्या तासात अकरा पानं उघडली. नऊ पानांवर वाक्यरचना जवळजवळ तीच होती. एका मुलीचा मुद्दा होता की अकरा जण सांगतात तर खरंच असेल. मी विचारलं, यातल्या कुणी कुणाचं बघून लिहिलंय ते कळतं का? नाही कळत, कारण एकानेही संदर्भ दिलेला नाही. अकरा साक्षीदार आहेत की एकाच साक्षीदाराचे अकरा प्रतिध्वनी, हे संदर्भाशिवाय सांगता येत नाही. आमच्या धंद्यात प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ कुणी, कधी आणि कशासाठी लिहिली याची नोंद राहते. २००५ पासून त्यासाठी गिट नावाचं साधन जगभर वापरतात. ओळ चुकली की मागे मागे जात मूळ बदलापर्यंत पोचता येतं. ही सवय हाताला असूनही मी इतिहासाच्या वाक्याकडे तशी कधी बघितलं नव्हतं, ही लाज वेगळीच.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण मराठीत ही शिस्त नवी नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे वाईच्या एका घरातली जुनी पत्रं घेऊन बसले आणि त्यातून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. पानिपतच्या आसपासची पत्रं त्यात होती. तोवर लोक बखरींवर विसंबून होते. बखर वाचायला रंगतदार, पण कितीतरी बखरी घटनेनंतर खूप वर्षांनी, ऐकीव माहितीवर लिहिलेल्या. राजवाड्यांनी पत्रातली तिथी आणि बखरीतला मजकूर शेजारी ठेवून चुका दाखवल्या. पत्रांना क्रमांक दिले, ती छापली, म्हणजे ज्याला त्यांचं म्हणणं पटत नसेल त्याला तेच पत्र वाचून भांडता यावं. आणि लोक भांडलेही! १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं ते याच कामासाठी. आपल्या मराठवाड्यातून, निलंग्याहून आलेले सेतुमाधवराव पगडी फारसी साधनं मराठीत आणत राहिले. मुलांना मी म्हटलं, तुमच्या नेटवर आज जे आहे त्यातलं पुष्कळसं बखरीसारखंच आहे. गोड आहे, कुणीतरी सांगितलेलं आहे, आणि कुणी ते गुलदस्तात. म्हणून ते सगळं फेकून द्यायचं नाही, बखरी तरी कुणी फेकल्या? फक्त शेजारी पत्र ठेवायचं.

तर आम्ही मकबऱ्यासाठी ‘पत्र’ शोधायला बसलो. हा तास मला सगळ्यात आवडला.

नेटवर एक वाक्य फिरतं : ताव्हेर्निये नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्याने सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना संगमरवराने भरलेल्या ३०० गाड्या पाहिल्या, सगळ्यात लहान गाडीलाही १२ बैल होते. त्याच्या आधी वाक्य असतं की संगमरवर जयपूरजवळच्या खाणींतून आणला होता. दोन्ही वाक्यं एका दमात वाचली की ताव्हेर्नियेनेच जयपूर म्हटलंय असं वाटतं. मुलांच्या वह्यांत तसंच उतरलं होतं : ‘ताव्हेर्नियेच्या मते दगड जयपूरहून आला.’ मी म्हटलं, चला, त्यालाच विचारू. त्याचं प्रवासवर्णन पॅरिसला १६७६ साली छापलं गेलं. व्ही. बॉल यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १८८९ साली लंडनला निघाला, त्याच्या स्कॅन प्रती इंटरनेट आर्काइव्हवर कुणालाही फुकट वाचता येतात. सुरत-गोवळकोंडा वाटेचं प्रकरण उघडलं. इंग्रजी जुनं, मुलं अडखळत वाचत होती. गाड्या सापडल्या, औरंगाबादपासून पाच दिवसांच्या वाटेवर. बारा बैल सापडले. दगड मात्र लाहोरकडून आल्याचं त्याने लिहिलंय, चार महिन्यांचा प्रवास करून. जयपूरचं नावच नाही!

वर्गात गलका झाला. मग बरोबर कोण? ताव्हेर्निये चुकला असणं अगदी शक्य आहे, तो वाटेवरचा व्यापारी होता, खाणीवर गेला नव्हता. पांढरा संगमरवर म्हटलं की मकराण्याच्या खाणी आठवतात आणि त्या राजस्थानातल्या. पण ‘दगड जयपूरकडचा’ हे म्हणायला दुसरा आधार शोधावा लागेल, ताव्हेर्नियेच्या खांद्यावर ते ठेवता येणार नाही. आणखी एक गोष्ट मुलांनीच पकडली : त्याच्या लेखी ही कबर औरंगजेबाच्या बायकोची आहे, मुलाने आईसाठी बांधल्याचं तो सांगत नाही.

यावरून पहिला नियम आपोआप निघाला. जे स्वतः वाचलं, त्याचंच नाव द्यायचं. विकिपीडियाच्या तळटीपेत ताव्हेर्नियेचं नाव दिसलं म्हणून आपण ताव्हेर्निये वाचला असं होत नाही. विकिपीडियाच वाचला असेल तर विकिपीडिया लिहा, त्यात कमीपणा नाही. शिवाय पानाच्या वर ‘इतिहास’ नावाचा टॅब असतो, तिथून आपण वाचलेली नेमकी आवृत्ती देता येते, हे मोठ्यांनाही फारसं ठाऊक नसतं. मराठी विकिपीडियावर आधार नसलेल्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण असते. मुलांना ती पाहून गंमत वाटली. मला बाईंचं लाल पेन आठवलं.

मकबऱ्याच्या खर्चाचंही असंच. ६,६८,२०३ रुपये ७ आणे. हा आकडा सगळीकडे असतो. त्यातले सात आणे असे काही आहेत की वाचणाऱ्याचा विश्वास बसतोच. इतकं बारीक कोण खोटं सांगेल? हा आकडा गुलाम मुस्तफा यांच्या तारीखनाम्यातून आलेला आहे, आणि ते नाव गाळून फक्त आकडा उचलला की तो जणू मुघलांच्या खजिन्याची पावती होऊन बसतो. एका मुलाने विचारलं, आणे म्हणजे काय? त्यात दहा मिनिटं गेली, ती वाया गेली असं मी म्हणणार नाही.

मग आम्ही कार्डं केली. जुन्या ग्रंथालयात कपाटाच्या लहान खणांत असायची तशी, जाड कागदाची. प्रत्येक कार्डावर : कोणी लिहिलं, काय नाव, कुठे प्रसिद्ध झालं, कधी, पानाचा पूर्ण पत्ता, आणि आपण ते कोणत्या तारखेला पाहिलं. शेवटची ओळ मुलांना उगाचची वाटली. पुस्तकाच्या संदर्भात तर ‘मी अमुक दिवशी वाचलं’ असं कुणी लिहीत नाही. त्यांना मी माझीच गोष्ट सांगितली.

बारावीनंतर मी इंजिनिअरिंगला गेले. २००२ साली सेमिनारचा रिपोर्ट लिहायचा होता. उस्मानपुऱ्यातल्या सायबर कॅफेत तासाला तीस रुपये मोजून मी जिओसिटीजवरचं कुणाचं तरी एक पान फ्लॉपीवर उतरवलं. त्यातल्या दोन आकृत्या आणि तीन पानं मजकूर माझ्या नावाने बांधून दिला. मार्क चांगले मिळाले. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. काही वर्षांनी त्याच विषयावर काम करताना त्यातली एक आकृती चुकीची असल्याचं लक्षात आलं. मूळ लेखकाचं काय म्हणणं होतं ते बघावं म्हणून पत्ता आठवायचा प्रयत्न केला. पत्ता मी कधी लिहूनच ठेवला नव्हता. आणि २००९ मध्ये जिओसिटीज बंद झालं, लाखो घरगुती पानं एका झटक्यात गेली. काही इंटरनेट आर्काइव्हने जपून ठेवली आहेत, पण पत्ता माहीत असेल तरच शोधता येतात. तो लेखक कोण होता हे मला आता कधीच कळणार नाही.

म्हणून तारीख. पान बदलतं, सरकतं, नाहीसं होतं. आपण पाहिलं त्या दिवशी ते तिथे होतं एवढं तरी सांगावं, आणि जमलं तर आर्काइव्हच्या संकेतस्थळावर जाऊन त्या पानाची प्रत जतन करून तो पत्ताही सोबत द्यावा. हे करायला एक मिनिट लागतं. मुलांना ते इतकं आवडलं की त्यांनी शाळेच्या संकेतस्थळाची प्रतही जतन करून टाकली.

दुसरी अडचण आपल्या शहराची खास आहे. १६१० साली मलिक अंबरने वसवलं तेव्हा खडकी, १६२६ मध्ये त्याचा मुलगा फतेहखान याच्या वेळी फतेहनगर, १६५३ पासून औरंगाबाद, २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर. एका मुलाने संदर्भात १८८४ च्या निजाम सरकारच्या औरंगाबाद गॅझेटिअरचं नाव बदलून ‘छत्रपती संभाजीनगर गॅझेटिअर’ असं केलं होतं. हेतू चांगला होता, पण त्या नावाने शोधणाऱ्याला ते पुस्तक सापडणार नाही. आपण बोलताना-लिहिताना आजचं नाव वापरू, संदर्भात मात्र मुखपृष्ठावर छापलंय तेच राहील. विद्यापीठाचंही तसंच : १९९४ पूर्वीचा प्रबंध असेल तर त्यावर ‘मराठवाडा विद्यापीठ’ असंच असणार. यावरून मुलांत थोडी गरमागरमी झाली. मी ती मिटवायला गेले नाही. शेवटी एका मुलीने सांगितलं की पत्र जुन्या पत्त्यावर आलेलं असलं तर पाकिटावरचा पत्ता आपण खोडत नाही. मला याहून बरं सांगता आलं नसतं.

चॅटबॉटचा विषय निघणारच होता. तो प्रश्नाचं उत्तर देतो, वर पुस्तकाचं नाव, लेखक, पान क्रमांकही देतो. आम्ही त्याला मकबऱ्यावरची मराठी पुस्तकं विचारली. पाच नावं आली, भारदस्त होती. त्यातली दोन कुठल्याही ग्रंथालयाच्या यादीत सापडेनात. यंत्र खोटं बोलायचं ठरवून बोलत नाही, संदर्भासारखं दिसणारं काहीतरी ते जुळवून देतं. इंजिनिअर म्हणून मला त्याची करामत कळते. पण सापडत नाही तो संदर्भ कार्डावर चढवायचा नाही, एवढं मी कडकपणे सांगितलं.

कॉलेजात गेल्यावर हेच शिक्षेच्या रूपात समोर येतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातला मजकूर इतरांशी १० टक्क्यांपर्यंत जुळला तर चालतो, त्यापुढे जुळेल तशी कारवाई वाढत जाते. सॉफ्टवेअर ते टक्के काढून देतं. त्यामुळे मुलं टक्के कमी करायला शिकतात, शब्द फिरवायला शिकतात. आझमशहाने १६५१ साली बांधलं, हे वाक्य शब्द फिरवून लिहिलं तर शून्य टक्के येईल आणि तरी ते चुकीचंच राहील. मला वाटतं, हे वय चौदा असतानाच शिकवायला हवं. बाईंनी तेच केलं होतं. मी पान आणून दिलं नाही, ही बाईंची चूक नव्हे.

तिसऱ्या शनिवारी दुपारी आम्ही मकबऱ्यावर गेलो. जमिनीपासून थोड्या उंचीपर्यंत संगमरवर, त्यावर बेसाल्टचा दगड आणि गिलावा, पुन्हा घुमटाला संगमरवर. मुलांनी हात लावून बघितलं. मुख्य प्रवेशद्वारावरच्या लेखात अताउल्ला आणि हंसपतराय ही नावं आहेत, एक रचनाकार आणि एक बांधणारा. ज्यांनी काम केलं त्यांनी नाव दरवाजावर लिहून ठेवलंय आणि आपण त्याखालून जाऊन नेटवर विचारतो की हे कोणी बांधलं. फारसी आमच्यापैकी कुणालाच येत नव्हती. तो संदर्भ लिहिताना मुलांनी दुय्यम साधन असं स्पष्ट लिहिलं, मला समाधान वाटलं.

आता दुरुस्ती. सन १९९५-९६ च्या ‘आपले शहर’ हस्तलिखितात बीबी का मकबरा या लेखातलं पहिलं वाक्य कृपया असं वाचावं : ‘औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम ८ ऑक्टोबर १६५७ रोजी औरंगाबादेत वारली, हा मकबरा तिचा आहे आणि तो तिच्या मृत्यूनंतर बांधला गेला.’ आझमशहाचं नाव आणि १६५१ हे साल मी काढून घेते आहे. मूळ पान शाळेच्या ग्रंथालयात आहे. ते खोडू नये, त्याच्या मागे ही दुरुस्ती चिकटवावी, असं मी शाळेला कळवलं आहे. त्या मुलाने आपल्या वहीत संदर्भ बदललेला नाही. खाली एक ओळ वाढवली आहे : ‘लेखिकेने स्वतः चूक मान्य केली, तोंडी माहिती,’ आणि पुढे तारीख.

पीडीएफमध्ये पाणचक्कीच्या लेखाची शेवटची दोन पानं आलेली नाहीत. ती चिकटवताना निसटून कुणाच्या तरी घरी राहिली असणार, बहुधा ज्यांच्याकडे आपण शेवटचा रविवार बसलो होतो त्यांच्याकडे. माळ्यावर, जुन्या दप्तरात एकदा बघा. सापडली तर फोटो काढून पाठवा, आणि पानाच्या मागे बाईंनी काही लिहिलं असेल तर त्याचाही.